गोबरगॅस बसवायचाय? आधी पाटीभर शेण काट्यावर ठेवा

आमच्या गोठ्यामागे एक लोखंडी टोपी उलटी पडलेली आहे. कडा गंजून फाटल्यात, पण तळाशी वीतभर पाणी अजून राहतं आणि म्हशी ते आवडीनं पितात. मामंजींनी 1990 च्या दशकात चार घनमीटरचा, म्हणजे दिवसाला तेवढा गॅस देणारा, गोबरगॅस बांधला होता, त्याची ही गॅस साठवायची टोपी. तेव्हा दावणीला तीन म्हशी होत्या. चार घनमीटरला रोज 100 किलो शेण लागतं. तीन म्हशी मिळून 40-45 किलो द्यायच्या. सकाळचा चहा व्हायचा आणि भाकरीला तवा ठेवला की ज्योत मान टाकायची. दोन वर्षांत घरातल्यांनी नाद सोडला.

2023 मध्ये आम्ही पुन्हा गोबरगॅस बांधला, 2 घनमीटरचा, आणि तो आजही रोज दोन वेळचा स्वयंपाक करतो. मधल्या काळात मी वारणाकाठच्या आठ-दहा गावांतले बंद पडलेले प्लँट बघून आले. बांधकामात चूक झालेले थोडे होते. बहुतेक प्लँट गोठ्याच्या ऐपतीपेक्षा मोठे बांधले होते, एवढंच त्यांचं दुखणं. म्हणून पहिली पायरी सिमेंटची नाही.

1. सात दिवस शेण मोजा

पुस्तकात म्हशीमागे रोज 15 किलो, गाईमागे 10 किलो आणि वासरा-रेडकामागे 5 किलो शेण धरतात. आमच्याकडे तीन म्हशी, एक जर्सी गाय आणि एक रेडकू. म्हणजे कागदावर 60 किलो. मी ताणकाटा गोठ्याच्या तुळईला टांगला, सात दिवस सकाळ-संध्याकाळ प्रत्येक पाटी मोजली आणि कॅलेंडरवर आकडे लिहीत गेले. सरासरी आली 52.

आठ किलो कुठे गेलं? म्हशी दुपारी चार तास बांधावर चरतात, तिथलं शेण तिथंच राहतं. आत्याबाई गोवऱ्यांसाठी रोज एक पाटी बाजूला काढतात. पावसाळ्यात काही मुतात कालवून वाहून जातं. तुमच्याकडे चार दिवस बैल गुऱ्हाळावर किंवा दुसऱ्याच्या रानात जात असतील तर तेही वजा करा.

आता हिशेब सोपा. 25 किलो ताज्या शेणापासून दिवसाला साधारण 1 घनमीटर गॅस मिळतो.

- 25 किलोच्या आसपास: 1 घनमीटर
- 50 किलो: 2 घनमीटर
- 75 किलो: 3 घनमीटर
- 100 किलो: 4 घनमीटर

आकडा दोन मापांच्या मध्ये आला तर खालचं माप घ्या. "पुढच्या वर्षी अजून दोन म्हशी घेणार आहे" हा हिशेब धरू नका. आमच्या भावकीत त्या दोन म्हशी अजून आलेल्या नाहीत.

गॅस किती पुरतो तेही आधीच समजून घ्या, नाहीतर घरात वाद होतात. माणशी रोज पाव घनमीटरच्या थोडा वर गॅस धरतात, म्हणजे 2 घनमीटरमध्ये सहा-सात माणसांचा रोजचा स्वयंपाक निघतो. घरगुती बर्नर तासाला सुमारे 0.45 घनमीटर गॅस खातो, म्हणजे एक शेगडी दिवसाकाठी चार-साडेचार तास. पण हे चार तास सलग मिळत नाहीत. दीनबंधू प्लँटच्या (हा विटांचा, जमिनीखालचा प्रकार, पुढे सांगते) घुमटात दिवसाच्या गॅसपैकी तिसरा हिस्साच साठतो. सकाळी दीड तास जाळलात की थांबायचं, दुपारभर तो पुन्हा भरतो. होळीला पंचवीस पोळ्या सलग भाजायच्या असतील तर सिलिंडर काढावा लागतो. सिलिंडर परत करू नका. आमचा पूर्वी महिन्याला संपायचा, आता तीन महिने जातो.

2. प्रकार ठरवा

तरंगत्या टोपीचा: जशभाई पटेलांनी 1950 च्या दशकात विकसित केलेला आणि खादी ग्रामोद्योग आयोगानं देशभर नेलेला. टोपी वर आली म्हणजे गॅस आहे, खाली गेली म्हणजे संपला. बघणाऱ्याला लगेच कळतं. दाब शेवटपर्यंत सारखा राहतो. पण लोखंडी टोपीला दरवर्षी रंग लावावा लागतो, नाहीतर गत गोठ्यामागच्या टोपीसारखी. फायबरची टोपी गंजत नाही, महाग पडते.

दीनबंधू: 'अफप्रो' या संस्थेनं 1984 मध्ये काढलेला, विटांचा, जमिनीखालचा घुमट. हलणारा भाग नाही, गंजायला काही नाही. गवंडी मात्र शिकलेलाच हवा. गॅस भरलेला असताना ज्योत जोरात आणि संपत येताना मंद, हे चालायचंच. खाली मी मुख्यतः याचंच सांगणार आहे.

रबरी किंवा प्लॅस्टिकच्या कापडाचा फुगा: एका दिवसात बसतो. भाड्याच्या जागेत, किंवा जिथे खोल खणता येत नाही तिथे बरा. त्याला कुंपण पाहिजे. एका म्हशीचं शिंग लागलं की संपलं.

3. जागा

पहिल्या वेळी मामंजींनी जागा निवडली ती विहिरीजवळ, "पाणी आणायला सोपं" म्हणून. ती चुकीची होती. पिण्याच्या विहिरीपासून किमान 15 मीटर लांब राहा. उलट गोठा आणि स्वयंपाकघर जवळ हवेत. पाटी डोक्यावर घेऊन रोज पन्नास पावलं जायची वेळ आली तर पावसाळ्यात शेण उकिरड्यावरच जाईल. आमचा प्लँट गोठ्याच्या दारापासून आठ पावलांवर आहे आणि तो चालू राहण्याचं अर्धं कारण तेच आहे.

ऊन दिवसभर पडलं पाहिजे. आतले जिवाणू 35 अंशांच्या आसपास जोरात काम करतात, 20 च्या खाली सुस्तावतात. मोठं झाड जवळ नको. सावली तर पडतेच, शिवाय मुळं घुमटात शिरतात. पिंपळ-वडाच्या बाबतीत तर विचारच नको.

काळ्या जमिनीचं वेगळं सांगते. आमच्याकडे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच जमीन फुगून भिंती दाबते. घुमटाभोवती काढलेली काळी माती परत भरू नका. फूटभर जाडीचा मुरूम भरा, थराथरानं पाणी मारा आणि धुम्मसानं चोपा. चार ब्रास मुरमाचे पैसे वाचवायला गेलेल्यांचे घुमट तडकलेले मी पाहिलेत.

पूररेषेत असाल तर आणखी एक. जुलै 2021 च्या पुरात आमच्या भावकीतल्या एकांचा नुकताच बांधलेला रिकामा घुमट खालच्या पाण्यानं अख्खा उचलला. रिकामी टाकी पाण्यात होडीसारखी वर येते. बांधकाम मेअखेर पुरं होऊन टाकी भरणार असेल तरच हात घाला. नाहीतर दिवाळीनंतर खणा.

4. कागद आणि अनुदान

खड्डा खणायच्या आधी पंचायत समितीच्या कृषी विभागात जा. बांधून झाल्यावर "अनुदान मिळेल का" विचारणारे बरेच असतात आणि त्यांना बहुधा मिळत नाही. मंजुरी आधी, काम नंतर. केंद्राच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात आम्हाला सांगितलेले दर असे होते: 1 घनमीटरला सर्वसाधारण गटासाठी 9,800 रुपये, 2 ते 4 घनमीटरला 14,350 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी अनुक्रमे 17,000 आणि 22,000. शौचालय जोडलं तर 1,600 जादा. तुम्ही जाल तेव्हाचा चालू दर तिथंच विचारून घ्या, योजनेची मुदत आणि रक्कम बदलत असते.

इथे एक गंमत बघा. 2 आणि 4 घनमीटरला रक्कम एकच. तरी एका एजंटानं आम्हाला तीनदा सांगितलं, "वहिनी, चारचाच घ्या, तेवढंच अनुदान." तेवढंच अनुदान, पण विटा-सिमेंट दीडपट आणि शेण दुप्पट. एजंटाला बांधकामावर टक्केवारी असते, तुम्हाला नाही.

फाईलमध्ये आम्ही लावलेले कागद:

- सातबारा आणि 8-अ (जागा घरच्या दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल तर संमतीपत्र)
- आधार कार्ड
- आधारला जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाचं पहिलं पान
- जनावरांच्या संख्येचा ग्रामपंचायतीचा दाखला. जनावरांच्या कानाचे टॅग नंबर सोबत लिहून द्या
- लागू असेल तर जातीचा दाखला
- पूर्वी लाभ घेतला नसल्याचं लेखी

शेवटच्या कागदावर आमची फाईल दोन महिने अडली. मामंजींनी जुन्या काळात घेतलेलं अनुदान रजिस्टरला होतं आणि साहेब म्हणाले, घर एकच. शेवटी रेशनकार्ड वेगळं असल्याचं दाखवल्यावर काम झालं. तुमच्या घरात जुना प्लँट असेल तर पहिल्याच भेटीत तसं सांगून टाका.

फोटो काढत राहा: खड्डा, तळ, घुमट, पेटलेली शेगडी, प्रत्येक वेळी लाभार्थी शेजारी उभा. पैसे खात्यात उशिरा येतात, म्हणून सगळा खर्च आधी स्वतःच्या खिशातून होईल असंच धरा.

5. सामान

दोन घनमीटरच्या दीनबंधूला साधारण 1,000 चांगल्या भाजलेल्या विटा, 14 ते 16 पोती सिमेंट, खडी, जाड आणि बारीक वाळू, शेण आत जायला 6 इंची पाइप, झाकणांसाठी थोडी सळई, आणि घुमटाच्या डोक्यावर बसवायचा गॅसचा लोखंडी पाइप. आमचा खर्च मजुरीसकट 42,000 च्या घरात गेला. खड्डा घरच्यांनी खणला, तो यात धरलेला नाही.

विटा घेताना दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत वाजली पाहिजे. पिवळट, कच्च्या विटा घुमटात गेल्या तर गॅस त्यांच्यातून झिरपतो.

गवंडी निवडताना एकच प्रश्न: "तुम्ही बांधलेला चालू प्लँट दाखवा." फोटो नको, प्लँट दाखवा, आणि त्या घरच्या बाईला विचारा. आमचे मिस्त्रीमामा पन्हाळ्याकडचे, त्यांनी तीन चुली पेटवून दाखवल्या तेव्हा विसार दिला.

6. बांधकामात डोळ्यात तेल घालून बघायचं ते

बांधकाम मिस्त्री करतील. तुम्ही एवढंच बघा.

खड्डा पुरुषभर खोल, तळ परातीसारखा खोलगट. तळाचं काँक्रीट एका दमात, एकाच दिवशी. घुमटाच्या विटा रात्रभर पाण्यात भिजवलेल्या. शेण घालायच्या टाकीचा तळ बाहेर पडायच्या तोंडापेक्षा उंच हवा, नाहीतर घातलेलं शेण तुमच्याच पायावर परत येईल. हे लेव्हल पाइपनं स्वतः तपासा. मिस्त्रींना राग आला तरी चालेल.

घुमटाच्या आतून बारीक वाळूचा गिलावा, त्यावर घोटलेलं सिमेंट आणि मग रंगाचे दोन हात. गॅस अडवणारा पदर हाच. आमच्याकडे रंगाचा दुसरा हात द्यायच्या दिवशी मिस्त्रीमामांच्या मेहुण्याचं लग्न निघालं आणि "एका हातावर भागतंय" असं झालं. मी चार दिवस थांबले. थांबले ते बरं केलं.

पाणी मारायला किमान दहा दिवस. घुमटावर गोणपाट टाकून सकाळ-दुपार-संध्याकाळ भिजवा. एप्रिलच्या उन्हात एक दुपार चुकली तरी केसासारख्या चिरा पडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, गॅसला दिसतात.

7. शेण घालण्याआधी गळती बघा

ही पायरी सगळे गाळतात. एकदा शेण भरलं की गळती शोधायला तीच टाकी हातानं उपसावी लागते.

टाकी आधी पाण्यानं भरा आणि पातळीवर खूण करा. दुसऱ्या दिवशी पाणी तेवढंच आहे का बघा; नवीन विटा थोडं पितात, म्हणून दोन दिवस द्या. मग वरचा व्हॉल्व्ह बंद करून आणखी पाणी घाला, म्हणजे आत कोंडलेली हवा दाबली जाईल. गॅसच्या पाइपला पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून लावा, तिच्यात रंगीत पाणी टाका. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे आतला दाब. मिस्त्रीमामांचा नियम: रात्रभरात बोटभर उतरलं तर चालतं, वीतभर उतरलं तर कुठंतरी भोक आहे. सांध्यांवर साबणाचा फेस लावला की बुडबुडे पत्ता सांगतात.

8. पहिली भरणी

2 घनमीटरला सुरुवातीला सुमारे 2 टन शेण आणि तेवढंच पाणी लागतं. घरचं शेण महिनाभर सावलीत, ओलं ठेवून साठवा. कमी पडलं तर शेजाऱ्यांकडून घ्या. माती-खडे मिसळलेलं, वाळून कोळ झालेलं शेण नको.

चालू प्लँटमधली स्लरी, म्हणजे गॅस निघून बाहेर पडलेला शेणकाला, मिळाली तर चार-पाच कॅन आणून त्यात घाला. दुधाला विरजण लावतो तसंच हे. आम्ही विरजण लावलं आणि एप्रिलात 14 व्या दिवशी ज्योत लागली. विरजणाशिवाय, तेही डिसेंबरात, महिना-दीड महिना वाट बघावी लागते.

भरताना वरचा गॅसचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा, आतली हवा बाहेर जाऊ द्या. भरून झालं की बंद करा. मग रोज थोडं थोडं घालायची घाई नको. गॅस पेटायला लागेपर्यंत थांबा.

पहिला गॅस पेटत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड आणि हवाच जास्त असते. शेगडीवर काडी विझली की लोक घाबरतात, मिस्त्रीला शिव्या घालतात. तो गॅस उघड्यावर सोडून द्या, पुन्हा भरू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी निळी ज्योत येते. आणि हे कायम लक्षात ठेवा: काडी फक्त शेगडीवर लावायची. घुमटावरच्या पाइपाला, सांध्याला कधीच नाही. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन असला की भडका उडतो आणि सुरुवातीच्या दिवसांत आत नेमकं तेच मिश्रण असू शकतं.

9. पाइप आणि शेगडी

गॅसबरोबर वाफ येते, पाइपात पाणी साचतं आणि ज्योत भक्-भक् करायला लागते. म्हणून पाइपाला उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवा. आम्ही दर सोमवारी ती तोटी उघडतो. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी.

सिलिंडरची शेगडी चालत नाही. बायोगॅसचा दाब कमी आणि उष्णताही कमी, म्हणून जेटचं भोक मोठं लागतं. आयएस 8749 या भारतीय मानकाचा शिक्का असलेली बायोगॅसची शेगडी घ्या. जेटला ड्रिलनं भोक पाडून देणारे कारागीर असतात. त्यांच्या शेगडीवर भांडी काळी होतात आणि गॅस फुकट जातो.

अंडं सडल्यासारखा वास आला तर कुठंतरी गळतंय. जळताना वास येत नाही. वासाचा हा हायड्रोजन सल्फाइडच बर्नर आणि व्हॉल्व्ह खातो, म्हणून प्लॅस्टिकचे व्हॉल्व्ह लावा.

10. रोजचा रतीब

रोज सकाळी एकाच वेळी, 50 किलो शेण आणि 50 लिटर पाणी. कालवून झालेला शेणकाला धिरड्याच्या पिठाएवढा दाट हवा. पळीवरून सळसळत गेला तर पातळ, गोळ्यानं पडला तर घट्ट. कडबा खाणाऱ्या म्हशींचं शेण घट्ट असतं, तेव्हा पाणी थोडं जास्त. ओल्या चाऱ्याच्या दिवसांत कमी. काडी-कचरा, बाटूक हातानं वेचून काढा, नाहीतर आत जाड साय धरते आणि गॅस खालीच अडकतो.

काय घालायचं नाही:

- फिनेल, साबण, निरमा लागलेलं गोठा धुतलेलं पाणी
- इंजेक्शन चालू असलेल्या जनावराचं शेण. प्रतिजैविकं जिवाणूंना ओळखत नाहीत, सगळ्यांनाच मारतात. आम्ही त्या जनावराचं शेण आठ-दहा दिवस उकिरड्यावर टाकतो.
- माती, वाळू, राख

घरातलं शिळं अन्न थोडं थोडं चालतं. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारा छोटा प्लँटच बनवला, त्याला 2006 मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पिठूळ अन्नापासून गॅस शेणापेक्षा कितीतरी जास्त आणि लवकर होतो. पण शेणाच्या प्लँटमध्ये एकदम बादलीभर भात ओतलात तर आत आंबट होतं आणि गॅस बंद पडतो. आमच्याकडे बारशाच्या दुसऱ्या दिवशी हे झालं. आठ दिवस अन्न बंद, शेणही अर्धं, आणि दोन बादल्या चुन्याची निवळी, मग पूर्ववत.

शौचालय जोडायचं का? मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 मध्येच मैल्यापासून गॅस काढला गेला होता, म्हणजे नवीन काही नाही. देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी आयुष्यभर हेच काम गावागावात नेलं; त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आमच्या घरात मात्र आत्याबाई म्हणाल्या, "त्येच्यावर नैवेद्याची पोळी भाजायची व्हय?" मी वाद घातला नाही. वर्षभर शेणाच्याच गॅसवर पोळ्या झाल्या. मग शौचालयाची टाकी भरली, उपसायला गाडीवाल्यानं तीन हजार सांगितले, आणि आत्याबाईच म्हणाल्या, "जोडून टाक बाई, पण देवाचं सिलिंडरवर." तसं चाललंय. जोडलं की शौचालय ॲसिड टाकून धुवायचं नाही, एवढी शिस्त घरातल्या सगळ्यांना लावावी लागते.

11. स्लरी फुकट घालवू नका

रोज आत जातं जवळजवळ तेवढंच बाहेर येतं, 90-100 लिटर. गॅसपेक्षा यातच जास्त फायदा आहे असं मला दोन वर्षांनंतर वाटायला लागलंय. शेणातलं नत्र गॅसबरोबर जात नाही, स्लरीतच राहतं. पण उन्हात पसरून वाळवली की अमोनिया होऊन उडतं. म्हणून दोन खड्डे करा. एकात उसाचं पाचट टाकून त्यावर स्लरी सोडा, तो भरला की दुसरा. तीन-चार महिन्यांत काळं, भुसभुशीत खत. पाटाच्या पाण्यातून ताजी स्लरी सोडली तर ऊस लगेच काळोखी धरतो. ठिबकला लावायची तर आधी गाळा, नाहीतर ठिबकची पूर्ण नळी बुजेल. हा अनुभव आमच्या घरातल्यांनी माझं न ऐकता घेतला.

पावसाळ्यात बाहेर पडायच्या तोंडावर पत्रा ठेवा. पावसाचं पाणी आत शिरलं की सगळं पातळ होतं आणि पंधरा दिवस गॅस नाही.

12. गॅस कमी झाला तर

आधी तोटीतलं पाणी काढा. दहापैकी सहा वेळा तेवढंच असतं. मग शेण किती जातंय ते पुन्हा काट्यावर बघा. म्हैस आटली, विकली, चरायला जास्त वेळ गेली, असं काहीतरी निघतं. थंडीत तिसरा हिस्सा कमी होणं साहजिक आहे. कोमट पाण्यात शेण कालवा, घुमटावर पाचटाचा थर टाका. तरीही नाही तर सांध्यांना साबणाचा फेस.

गावाला जायचं असेल तर आठ दिवस शेण न घालता चालतं. जाताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करा.

13. टाकीत उतरायची वेळ आली तर

पाच-सात वर्षांनी तळाला गाळ बसतो आणि टाकी साफ करावी लागते. प्रत्येक उन्हाळ्यात कुठे ना कुठे अशा टाकीत माणसं गुदमरून गेल्याची बातमी असते, बहुतेक वेळा एकाला वाचवायला दुसरा उतरलेला. आत प्राणवायू नसतो, विषारी वायू असतो आणि तो जास्त झाला की वासही येईनासा होतो.

विहिरीत उतरताना आधी पेटता कंदील खाली सोडायची आपली जुनी रीत आहे. इथे ती करू नका, स्फोट होईल. स्लरी पंपानं बाहेरूनच उपसा, सगळी झाकणं काढून दोन-तीन दिवस उघडी ठेवा, बाहेरून पंख्यानं हवा मारा, मग पिंजऱ्यात कोंबडी सोडून अर्धा तास बघा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोर धरणारे दोन धडधाकट माणसं. तो आत पडला तर दोर ओढायचा. त्याच्यामागे कुणीही उडी मारायची नाही.